पुलाच्या कामात पहिल्यांदा उतरताना

पहिल्या पुलाच्या डिझाइनला बसलो तेव्हा मी तीन आठवडे नुसत्या गर्डरवर, म्हणजे रस्ता तोलणाऱ्या आडव्या तुळईवर, घालवले. बेंडिंग मोमेंट, शिअर, डिफ्लेक्शन, सगळं चोख. साहेबांनी फाइल चाळली आणि एवढंच विचारलं, "पाणी कुठपर्यंत चढतं?" एचएफएल, म्हणजे पुराची आजवरची सर्वांत उंच पातळी, कुठल्या ड्रॉइंगवर आहे हेही मला सांगता येईना.

म्हणून नवख्यांना सांगतो, पूल खालून वर शिका. पुराचं पाणी पिअरला, म्हणजे पात्रातल्या खांबाला, धडकतं, खाली वळतं, भोवरे करत पायाभोवतीचं पात्र खरवडतं. हा स्काउर. त्यातली गोम अशी की पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने बऱ्यापैकी भरून येतो. पाणी उतरल्यावर मोजायला गेलात तर तळ कसा छान सपाट! न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहेरी क्रीकवरचा पूल एप्रिल १९८७ मध्ये पडला, तो पिअरखालची माती अशीच वाहून गेल्याने. दहा माणसं गेली.

बोअर लॉगही (भोक पाडून घेतलेली जमिनीच्या थरांची नोंद) असेच डोळे उघडे ठेवून वाचा. दोन बोअरच्या मध्ये खडकाची रेघ ड्रॉइंगवर सरळ ओढलेली असते. ती खरी तशी आहे का, हे कुणीच पाहिलेलं नसतं. जमेल तिथे प्रत्येक पिअरच्या जागी बोअर मागा. खर्चावरून कुरकुर होईल, होऊ द्या.

डिझाइनची सुरुवात पुलाचं स्वतःचं वजन अंदाजाने धरून होते. शेवटी ते पुन्हा मोजायचं असतं, आणि घाईत नेमकं तेच राहतं. कॅनडातल्या क्वेबेक पुलाचा मुख्य गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १,६०० फुटांवरून १,८०० केला, पण वजनाचे आकडे वेळेवर सुधारले नाहीत. १९०७ मध्ये काम चालू असतानाच तो कोसळला, ७५ कामगार गेले. सॉफ्टवेअर भराभर उत्तरं देतं, पण भार जुनाच आहे का, हे ते विचारत नाही.

साइटवर काँक्रीट, क्यूब टेस्ट, प्रीस्ट्रेसिंग हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. नजर ठेवा ती बेअरिंगवर, म्हणजे गर्डर ज्यावर टेकतो त्या आधारावर, आणि एक्स्पान्शन जॉइंटवर, म्हणजे गर्डरला लांबायला ठेवलेल्या फटीवर. ३० मीटरचा काँक्रीट गर्डर तापमान ३० अंशांनी वाढलं की साधारण ११ मिलिमीटर लांबतो. हाताच्या बोटाएवढंही नाही, पण एवढी जागा मिळाली नाही तर त्याचा रेटा सरळ अबटमेंटवर, म्हणजे पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीवर, येतो.

एका पुलावर मी टॉर्च घेऊन बेअरिंगपाशी उतरलो, तर जॉइंटच्या फटीत शटरिंगची (काँक्रीट ओतायच्या साच्याची) प्लायवूडची फळी तशीच अडकलेली. दोन्ही बाजूंचं काँक्रीट तिला घट्ट धरून होतं. फोरमन म्हणाला, "साहेब, वरून कुठे दिसतंय ते?" दिसत नव्हतं, खरंच. ती तुकड्या-तुकड्याने काढायला दोन दिवस लागले.