हिमालयाचं मॉडेल करताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की खानापूर असो वा बेळगाव, एका तरी टेबलावर हिमालय असतोच. आणि त्या हिमालयात दरवर्षी त्याच त्या चुका असतात. परीक्षक म्हणून बसून बसून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

हिमालय उभा राहतो तो भारत आणि आशिया या भूखंडांच्या टकरीतून. सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे आपल्या सह्याद्रीलाही त्या टकरीत ओढणं. एका मुलीनं टॉवेल दोन्ही बाजूंनी ढकलला, वळ्या पडल्या आणि ती म्हणाली, "असा सह्याद्री तयार झाला." विचारलं, "बाळ, आंबोलीला गेली आहेस?" गेली होती, धबधब्यात भिजून कणीस खाऊन आली होती. "कड्यात थर आडवे होते की तिरपे?" गप्प. तिचा काय दोष? तिच्याकडून तसं पाठ करून घेणारे गुरुजी शेजारीच उभे होते, आणि ते माझ्यावरच रागावले.

भाकऱ्यांची चळत आणि मांडा यांतला फरक बेळगावकराला तरी सांगावा लागू नये. मांड्याला घडी असते. चळतीत एकावर एक नुसत्या ठेवलेल्या भाकऱ्या. सह्याद्री म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाची चळत. पुढे पश्चिमेकडून सेशेल्सचा (आज हिंदी महासागरात असलेल्या बेटांचा) तुकडा सुटून गेला, किनाऱ्याची कड उघडी पडली आणि पावसानं ती खात खात मागं सरकवली. म्हणून कोकणाकडे कडा आणि आपल्याकडे उतार. कणकुंबीत उगवलेली मलप्रभा समुद्र इतका जवळ असून पूर्वेला जाते ती त्यामुळेच.

माझी सवय सांगतो. डोंगर दिसला की पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरायची आणि थर तिच्याशी जुळतात का ते बघायचं. बाकी सिद्धांत नंतर. हीच पेन्सिल बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्गाकडे न्या. खाली चांगले तिरपे झालेले थर आणि त्यांच्या डोक्यावर आडवे थर, असं दृश्य तिथं आहे. म्हणजे खालचे आधी वाकले, झिजले आणि मग त्यांच्यावर नवे साचले. पण तिरपा थर दिसला म्हणून लगेच "खंड धडकले" असंही ठोकून देऊ नका. थर कलायला इतरही कारणं असतात.

दुसरी लाडकी चूक हा टॉवेलच. टॉवेलाला नुसत्या वळ्या पडतात. हिमालयात वळ्या आहेतच, पण मुख्य काम वेगळं आहे: पृथ्वीचं कवच तिरपं फाटतं आणि एक काप दुसऱ्यावर चढतो. याला थ्रस्ट म्हणतात. हे दाखवायला काचेची पेटी घ्या, तांदळाचं आणि नाचणीचं पीठ आलटून पालटून थरांत पसरा आणि एका बाजूनं फळी सरकवा.

इथं मुलांची घाई नडते. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी माझ्याच वर्गातल्या एकानं "थर नीट बसावेत" म्हणून पिठावर पाणी शिंपडलं. पिठाचा झाला गोळा, फळी हलेना. मी "अरे, काय करूलास?" म्हणेपर्यंत त्यानं गुडघा लावून फळी रेटली, काच निखळली आणि सगळं पीठ माझ्या पांढऱ्या शर्टावर आलं. दुसऱ्या दिवशी शेवटी टॉवेलच ठेवावा लागला.

तेव्हापासून मी पीठ घरी कढईत कोरडं भाजून घेतो. खानापूरच्या हवेत ते एरवी दमटच असतं. बायको विचारते, लाडू करणार काय? फळी बोटाच्या पेरभर सरकवायची, थांबायचं, फोटो काढायचा, मग पुढचं पेर. तिसऱ्या-चौथ्या पेराला थर तिरपे तुटून एकमेकांवर चढू लागतात आणि नवी चीर बहुधा आधीच्या ढिगाच्या पुढे पडते. हिमालयातही साधारण असंच झालं: आतले थ्रस्ट जुने आणि दक्षिणेकडे, मैदानाच्या कडेला, सगळ्यात नवा. फोटो न काढता ढकलत राहिलात तर शेवटी नुसता ढीग उरतो आणि परीक्षकाला सांगायला काही राहत नाही.

किरकोळ चुका भराभर सांगतो. हिमालयाच्या माथ्यावर लाल रंगाचा ज्वालामुखी काढू नका. तिथं दोन्हीकडून खंडच आले आहेत, ज्वालामुखी पेटवायला बुडणारा समुद्रतळ आता उरलेला नाही. टक्कर होण्याआधी भारत आणि आशिया यांच्यामध्ये असलेल्या टेथिस समुद्राचा पुरावा विचारला तर "पुस्तकात आहे" म्हणू नका. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात साचलेला चुनखडक आहे आणि गंडकीतला शाळिग्राम हा समुद्री प्राण्याचा जीवाश्म आहे. देव्हाऱ्यात असेल तर आजीला विचारून आणा.

नुसती उंची दाखवून थांबू नका, खाली मूळही दाखवा. जॉर्ज एअरी या इंग्रज शास्त्रज्ञानं १८५५ मध्ये सुचवलं की डोंगर खालच्या जड थरावर तरंगतात आणि त्यांची मुळं खोल असतात. तिबेटखाली कवच ७० किलोमीटरच्या आसपास जाड आहे.

"टक्कर झाली" असा भूतकाळ तर वापरूच नका. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेली टक्कर अजून चालू आहे. भारत वर्षाला ४ ते ५ सेंटिमीटर उत्तरेला सरकतो आणि त्यातले सुमारे २ हिमालयात जिरतात. मी नोकरीला लागून २८ वर्षं झाली, म्हणजे तेवढ्यात आपण सगळे मीटरभराहून जास्त उत्तरेला गेलो. १९३४ चा बिहार-नेपाळचा आणि २०१५ चा नेपाळचा भूकंप याच हिशेबातले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा मात्र त्यात धरू नका. तो प्लेटच्या, म्हणजे कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या, कडेपासून फार लांब झाला आणि त्याचा संबंध कोयनेच्या जलाशयाशी लावला जातो. मॉडेलच्या तक्त्यावर तोही चिकटवलेला दिसला, तर पहिला प्रश्न मी त्यावरच विचारतो.