क्रेडिट सोबत न्यायचे असतील तर

अमेरिकेत आधी कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं कॉलेज) आणि मग विद्यापीठ असा बेत असेल आणि तिथले क्रेडिट, म्हणजे कोर्स पूर्ण केल्यावर मिळणारी, पदवीत मोजली जाणारी एककं, सोबत न्यायचे असतील, तर पहिल्या सेमिस्टरचे कोर्स निवडायच्या आधीच तयारीला लागा. अर्ज भरायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो.

सर्वात आधी कोर्सचा नंबर वाचायला शिका. साधारणपणे १०० आणि २०० चे कोर्स पहिल्या दोन वर्षांचे, ३०० आणि ४०० चे पुढच्या दोन वर्षांचे, ५०० पासून पुढे पदव्युत्तर. १०० च्या खालचे बहुतेक ठिकाणी पाया पक्का करण्यासाठी असतात. त्यांची फी भरावी लागते, पण क्रेडिट पदवीत सहसा धरत नाहीत. राज्याराज्यांत पद्धत बदलते. टेक्सासात सामायिक नंबर चार आकडी आहेत; पहिला आकडा पातळी सांगतो, दुसरा क्रेडिट. मॅथ २४१३, म्हणजे कॅल्क्युलस वन, हा दुसऱ्या वर्षाच्या पातळीचा चार क्रेडिटचा कोर्स. इंग्लिश १३०१ पहिल्या वर्षाचा, तीन क्रेडिटचा. फ्लोरिडात नंबराच्या शेवटी 'एल' असेल तर ती फक्त लॅब, 'सी' असेल तर लेक्चर आणि लॅब एकत्र. सायन्सवाल्यांनी या अक्षराकडे नीट लक्ष द्यावं, लॅब राहून गेली तर पुढे अडतं.

मग जिथे जायचंय त्या विद्यापीठाचा समकक्ष कोर्सचा तक्ता काढा. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांसाठी तो 'असिस्ट' या वेबसाइटवर मिळतो. तक्ता कुठल्या शैक्षणिक वर्षाचा आहे ते बघा आणि उतरवून ठेवा, कारण तो बदलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रेडिट ट्रान्स्फर होणं वेगळं आणि ते तुमच्या मेजरमध्ये (पदवीच्या मुख्य विषयात) धरलं जाणं वेगळं. माझं स्टॅटिस्टिक्स असंच गेलं. तीन क्रेडिट मिळाले, पदवीला लागणाऱ्या १२० क्रेडिटच्या बेरजेतही आले, पण डिग्री ऑडिटमध्ये (पदवीच्या कुठल्या अटी पूर्ण झाल्या ते दाखवणाऱ्या अहवालात) त्यांच्यासमोर 'इलेक्टिव्ह', म्हणजे ऐच्छिक, लिहिलेलं आणि मेजरच्या यादीत स्टॅटिस्टिक्सची जागा रिकामी. विभागाला कॅल्क्युलसवर आधारलेलं स्टॅटिस्टिक्स हवं होतं, माझं तसं नव्हतं. पुन्हा पैसे भरून पुन्हा शिकले. म्हणून 'हा कोर्स ट्रान्स्फर होतो का?' एवढंच विचारून थांबू नका. 'माझ्या मेजरमधल्या कुठल्या कोर्सच्या जागी हा धरला जाईल?' असं विचारा, तेही विभागाच्या सल्लागाराला, आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी उत्तर दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही.

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस सेमिस्टर संपायच्या आत उतरवून घ्या. आठवड्यावार विषय, पुस्तकाचं नाव आणि तास त्यात दिसले पाहिजेत. एकदा कोर्सचं ऑनलाइन पान बंद झालं की तो मिळवताना दमछाक होते.

क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांच्या) कॉलेजातून सेमिस्टर पद्धतीत जाताना हिशोब स्वतः करा. दीड क्वार्टर क्रेडिट म्हणजे एक सेमिस्टर क्रेडिट. चार क्वार्टर क्रेडिटचा कोर्स तिकडे २.६७ होतो आणि तीनच्या अटीला थोडक्यासाठी कमी पडू शकतो. ग्रेड सहसा निदान सी लागते. ग्रेडऐवजी नुसता 'पास' शेरा घेण्याआधी विचारून घ्या. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, बहुतेक ठिकाणी नव्याने सुरू होतो. वरची मर्यादाही पाहा: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचे ७० सेमिस्टर युनिटच (म्हणजे क्रेडिटच) पदवीच्या बेरजेत धरतात, आणि बरीच विद्यापीठं ठरावीक क्रेडिट आपल्याकडेच पूर्ण करायला लावतात.

अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट (कोर्स आणि ग्रेडची नोंद) शिकलेल्या प्रत्येक कॉलेजातून मागवा, उन्हाळ्यात एकच कोर्स केला असेल तिथूनही. शेवटच्या सेमिस्टरचे ग्रेड लागल्यावर ती पुन्हा पाठवावी लागते.

विद्यापीठाने केलेलं तुमच्या क्रेडिटचं मूल्यमापन हातात आलं की ओळ न् ओळ तपासा. चुकीच्या जागी 'इलेक्टिव्ह' दिसलं तर लगेच फेरविचाराचा अर्ज करा, सोबत सिलॅबस जोडा. माझा लेखनाचा कोर्स याच कागदांवर तीन आठवड्यांत योग्य जागी बसला.