हिरवा वाटाणा, लाल भोपळा आणि इंग्रजी विशेषणे

इंग्रजीतील विशेषण शिकवताना 'नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द' ही व्याख्या आपण मुलांकडून घोटून घेतो, आणि वाक्य समोर आले की मूल नेमके नामाखालीच रेघ ओढते. त्यापेक्षा मुलाला मराठीत जे न शिकवता येते, तेथून सुरुवात करावी.

पुण्यात यासाठी मंडईसारखी जागा नाही. भाजी घेताना हिरवा वाटाणा, हिरवी मिरची आणि हिरवे टोमॅटो ही नावे मुलाकडून मोठ्याने म्हणवून घ्यावीत, म्हणजे 'हिरवा'चे रूप नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, हे त्याचे त्यालाच ऐकू येते. मग लाल भोपळा, लाल मिरची, लाल टोमॅटो. येथे 'लाल' तसाच राहतो. गुण सांगणारी इंग्रजी विशेषणे या 'लाल'च्या जातीची आहेत, हे एकदा लक्षात आले की 'ग्रीन चिलीज' लिहिताना 'ग्रीन'ला 'एस' लावण्याचा मोह होत नाही.

घरी आल्यावर वहीत 'द बिग बस इज रेड' हे वाक्य लिहून द्यावे. बहुतेक मुले 'बिग' शोधून थांबतात, कारण विशेषण नामाच्या आधी येते एवढेच त्यांनी ऐकलेले असते. 'इज'नंतर आलेला 'रेड'ही बसबद्दलच सांगतो, हे 'मोठी बस लाल आहे' असे मराठीत म्हटल्यावर पटते.

शोधण्यासाठी 'कशी?' हा प्रश्न आपण सगळेच शिकवतो, पण तो अर्धवट आहे. 'द बस रन्स स्लोली' या वाक्यात 'बस कशी धावते?' असे विचारले तर उत्तर 'स्लोली' येते, आणि ते क्रियाविशेषण आहे. म्हणून प्रश्नात क्रियापद येऊ न देता 'कशी बस?' एवढेच विचारावे. शेवटच्या 'एलवाय'वरून क्रियाविशेषण ओळखण्याची युक्ती मात्र जपून वापरावी, कारण 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणेच आहेत.

'फास्ट' हा शब्द सर्वांत शेवटी घ्यावा. 'अ फास्ट बस' आणि 'द बस रन्स फास्ट' ही उदाहरणे एकाखाली एक लिहून दोन्हींना 'कशी बस?' हाच प्रश्न विचारायला लावावा; दुसऱ्या उदाहरणाशी मूल अडखळले, तर उत्तर लगेच सांगू नये.