घरच्या संगणकावर अडथळ्याविना व्हिडिओ पाहण्यासाठी

व्हिडिओ अडखळू लागला की नवा संगणक घेण्याचा विचार मनात येतो; परंतु दोष बहुधा इंटरनेटच्या जोडणीत असतो, म्हणून प्रथम तिचा वेग मोजावा. नेटफ्लिक्स १०८० पिक्सेलच्या चित्रासाठी ५ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद), तर ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते. येथे ‘बी’ म्हणजे बिट, बाइट नव्हे; त्यामुळे ५ एमबीपीएसने तासाभरात सुमारे सव्वादोन जीबी डेटा खर्च होतो, हे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

राउटर दुसऱ्या खोलीत असल्यास भिंती वायफायचा जोर कमी करतात. शक्य असेल तेथे सरळ लॅन केबल जोडावी. दिसायला ती ओबडधोबड वाटते, पण तिच्याइतका भरवशाचा उपाय नाही.

वेग पुरेसा असूनही चित्र तुटत असेल, तर यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे. गळलेल्या फ्रेमचा, म्हणजे न दाखवताच सुटलेल्या चित्रांचा, आकडा तेथे सतत वाढत असेल, तर संगणकाला व्हिडिओ उलगडणे झेपत नाही असे समजावे. अशा वेळी ब्राउझरच्या सेटिंगमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन (व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी सोय) चालू करावे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर, अद्ययावत करावा आणि तरीही फरक न पडल्यास ७२० पिक्सेलवर समाधान मानावे.