अवाढव्य कोंबड्याचं वजन आणि उंची कशी मोजावी

"सात किलोचा ब्रह्मा आहे, बघायला तरी या," असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "कशावर तोलला?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, "हातात घेतला की कळतं ना!" हातात घेऊन काही कळत नाही. ब्रह्मा ही कोंबड्यांची एक भारी जात; तिची पिसं मऊ आणि फुगीर असतात, पायांवरसुद्धा पिसांचा पायजमा असतो. त्यामुळे चार किलोचा कोंबडा सहज सहाचा वाटतो. २०१७ मध्ये कोसोव्होतल्या एका ब्रह्माचा खुराड्यातून बाहेर पडतानाचा व्हिडिओ जगभर फिरला, तेव्हा आत माणूस शिरलाय असं म्हणणारेही निघाले. किमया त्या पायजम्याचीच.

म्हणून आधी जात आणि वय पक्कं करा, काट्याचं नंतर बघू. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन १८७३ मध्ये स्थापन झाली. तिच्या मानकांत प्रत्येक जातीची चार वजनं दिलेली असतात: वर्षावरचा कोंबडा, वर्षाखालचा कोंबडा, वर्षावरची कोंबडी आणि तलंग, म्हणजे वर्षाखालची कोंबडी. सगळ्यांत वजनदार जर्सी जायंट. वर्षावरचा नर १३ पौंड, म्हणजे ५.९ किलो, वर्षाखालचा ११ पौंड, म्हणजे जेमतेम ५ किलो. ही जात न्यू जर्सीत ब्लॅक आडनावाच्या भावांनी तयार केली आणि १९२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. फिकट ब्रह्माचा मोठा नर १२ पौंडांचा (५.४ किलो), गडद ब्रह्मा आणि कोचीन जातीचे नर ११ पौंडांचे. आता बघा, जगातल्या सर्वांत वजनदार जातीचं मानकच सहा किलोच्या आत आहे. एखादा पक्षी त्याच्या वर जातोही, पण दर दुसऱ्या जाहिरातीत सात-आठ किलो कसे निघतील?

जाता जाता, ब्रह्मा हे नाव ब्रह्मपुत्रेवरून आलेलं असलं तरी ही जात घडली अमेरिकेत, मुख्यतः शांघाय बंदरातून गेलेल्या पक्ष्यांपासून. "आपली भारतीय जात" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. आपला मोठा कोंबडा म्हणजे असील, आणि तो चार-पाच किलोंचा असतो. त्याची पिसं अंगाला चिकटलेली असल्याने तो दिसतो त्यापेक्षा जड निघतो, म्हणजे ब्रह्माच्या नेमका उलट.

आता काटा. निदान दहा किलोंपर्यंत मोजणारा ताणकाटा किंवा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. माणसाच्या वजनकाट्यावर कोंबडा कडेवर घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही युक्ती मीही केली आहे. तीन वेळा केली, तीन आकडे आले. त्यापेक्षा काटा आधी तपासा: रिकामी बादली तोला, मग मापाने पाच लिटर पाणी ओता आणि पुन्हा तोला. फरक पाच किलोच यायला हवा. माझा जुना ताणकाटा ५.३ दाखवत होता. त्या एका काट्याने माझे दोन वर्षांचे कोंबडे उगाच भारी ठरवले होते.

वेळ पहाटेची, दाणा टाकायच्या आधी. रात्रभरात गळ्याखालची दाण्याची पिशवी रिकामी झालेली असते. एकदा मी एकच कोंबडा खाण्याआधी आणि खाऊन-पिऊन झाल्यावर तोलला, तर १६० ग्रॅमचा फरक पडला. अंधुक उजेडात पक्षी शांतही असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर दुपारी जड कोंबड्याच्या वाटेलाच जाऊ नका. कोंबड्याला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत तो अंग थंड करतो, आणि त्यात धरपकड झाली तर जिवावर बेतू शकतं.

धरायचं कसं, हे नीट वाचा. बाजारात धरतात तसं पायांना धरून उलटं लटकवायचं नाही. कोंबड्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड वर-खाली हललं की हवा आत-बाहेर होते, म्हणून छाती आवळली तर तो गुदमरतो. एक हात छातीखालून घालून दोन्ही पाय बोटांत सैलसर अडकवा, दुसऱ्या हाताने पंख अंगाशी धरा. मग त्याला तळ सपाट असलेल्या पाटीत बसवा, वरून सुती कापड टाका. अंधार झाला की बहुतेक कोंबडे गप्प बसतात. पाटी काट्याला अडकवा, आकडा स्थिरावू द्या, पाटी आणि कापडाचं वजन वजा करा. कोंबड्याच्या पायामागच्या अणकुचीदार काट्यापासून मात्र आपला हात सांभाळा.

उंचीत फसवाफसवी आणखी सोपी, कारण कोंबडा मान ताणतो. शाळेत मुलांची उंची भिंतीला टेकवून घेतात तसंच करा: भिंतीवर टेप चिकटवा, कोंबडा शेजारी उभा करा आणि डोक्यावर पुठ्ठा आडवा धरा. तुरा मोजायचा नाही. पाठीची उंची वेगळी लिहा, कारण ती मानेसारखी ताणता येत नाही. उंचीत मलय जात सगळ्यांना मागे टाकते. तिचा नर ९० सेंटीमीटरपर्यंत जातो, पण वजनात जर्सी जायंटच्या मागेच राहतो. "सगळ्यात मोठा कोंबडा कोणता?" या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. उंच की जड, ते आधी विचारायचं.

आकड्याबरोबर तारीख, वय आणि उपाशी की भरल्या पोटी, हेही वहीत लिहा. जर्सी जायंट भरायला वेळ घेतो: आधी हाडं वाढतात, मांस मागून चढतं. सहा महिन्यांचा उंच आणि हाडकुळा दिसला म्हणून खुराक वाढवून त्याला चरबी चढवू नका. जड कोंबडा उंचावरून उडी मारतो तेव्हा तळपायाला मुका मार बसून गाठ धरते. त्यामुळे पुढच्या वेळी तोलायला उचलाल तेव्हा तळपाय उलटून बघा, आणि बसायची काठी जमिनीपासून फूटभरच ठेवा.