ग्लुटेन-फ्री वाणसामान स्वस्तात कसं भरावं? दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची पाकिटं निवडताना

घरात कुणाला सीलियाक आजाराचं (गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते, तो आजार) निदान झालं की सगळे आधी सुपरमार्केटमधल्या ‘ग्लुटेन-फ्री’ कप्प्याकडे धावतात. तिथल्या पास्ता-कुकीजचे भाव बघितले की महिन्याचं गणित कोलमडणार असंच वाटतं. पण मराठी स्वयंपाकघराला त्या कप्प्याची गरज फार थोडी. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, साबुदाणा आणि सगळ्या डाळी यांत मुळात ग्लुटेन नसतं. डीमार्टचा ‘प्रीमिया’, रिलायन्सचा ‘गुड लाइफ’, बिगबास्केटचा ‘बीबी रॉयल’ अशा दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडमध्ये यातलं पुष्कळ काही मिळतं. बघायचं ते एवढंच, की त्या पाकिटात गहू कुठून शिरतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तपासणी अजून व्हायची असेल तर गहू बंद करू नका. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी) या दोन्ही वेळी आहारात ग्लुटेन असावं लागतं, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

१. यादीचे तीन भाग करा

पहिल्या भागात अख्खं धान्य आणि डाळी. इथे बिनधास्त दुकानाचा ब्रँड घ्या, कारण अख्ख्या दाण्यात भेसळ झाली तरी डोळ्यांना दिसते. दुसऱ्या भागात पिठं: बेसन, तांदळाचं, ज्वारीचं, नाचणीचं. इथे जपून. तिसऱ्या भागात तयार माल: बिस्किटं, मिक्स, सॉस, मसाले. इथे एकेक अक्षर वाचल्याशिवाय काही घेऊ नका. बचत पहिल्या भागात होते. जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर ते दुसऱ्या भागासाठी राखून ठेवा.

२. उपवासाच्या मालापासून सुरुवात करा

साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, राजगिऱ्याच्या लाह्या, उपवासाची भाजणी. उपवासाला गहू चालत नाही, त्यामुळे हा सगळा माल घटकांच्या यादीत गव्हाशिवायच असतो, आणि ग्लुटेन-फ्रीचा शिक्का नसल्यामुळे भावही साधेच असतात. फक्त ही पिठं कुठे दळली हा प्रश्न इथेही सुटत नाही. भगरीचं सुटं किंवा जुनं पीठ तर कुणीच घेऊ नये, त्यातून विषबाधा झाल्याचे प्रकार महाराष्ट्रात वारंवार घडले आहेत. पाकिटबंद अख्खी भगर आणा आणि लागेल तेवढीच घरी दळा.

३. पाकिटाची मागची बाजू वाचा

एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन असेल तरच ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिता येतं. 20 ते 100 मिलिग्रॅम असेल तर ते ‘लो ग्लुटेन’, आणि ते सीलियाकच्या रुग्णासाठी नाही. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ‘नाचणी बिस्कीट’ म्हणून घेतलेल्या पुड्यावर पुष्कळदा पहिलाच घटक मैदा किंवा गव्हाचं पीठ असतो, नाचणी कुठेतरी चौथ्या-पाचव्या जागी. ‘मल्टिग्रेन’चंही तेच. यादीखाली ‘कंटेन्स: व्हीट’ अशी ॲलर्जीची ओळ शोधा, त्यापुढे ‘मे कंटेन’ आहे का तेही बघा. ‘मे कंटेन’ नाही म्हणजे धोका नाही असं मात्र समजू नका.

लपून बसणारे घटक पाठ करून ठेवा: आटा, मैदा, सूजी, रवा, दलिया, बार्ली, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट. कॉर्नफ्लेक्स मक्याचेच असले तरी चवीसाठी अनेकदा बार्लीचं माल्ट घातलेलं असतं. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर मात्र घाबरू नका, त्यात ग्लुटेन नगण्य असतं.

आपल्याकडचे सापळे वेगळेच आहेत. खपली हा गहूच, ‘पचायला हलका’ म्हणून कुणी कितीही भरवला तरी. थालिपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात पुष्कळदा गहू असतो. सातूच्या पिठातही असतो. कुरडई तर गव्हाचीच. आणि हिंग! बाजारात मिळणारा बांधानी हिंग म्हणजे हिंगाचा चीक, डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ. डबीच्या मागे ‘राइस फ्लोअर’ आहे की ‘व्हीट फ्लोअर’ एवढं वाचलं की काम झालं. सांबार मसाला, पापड, लोणचं यांतही हाच हिंग जातो, तेव्हा तिथेही यादी वाचायची.

४. भाव किलोवर आणून बघा

पाकिटावर ‘युनिट सेल प्राइस’ छापलेली असते, किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमला आणि त्यावरच्यावर दर किलोला. पण ती एमआरपीवरून काढलेली असते. दुकान एमआरपीपेक्षा कमी भावाने विकत असेल तर ती उपयोगाची नाही. कप्प्यावरच्या चिठ्ठीतला भाव घ्या, ग्रॅमने भागा, हजाराने गुणा. समजा, ‘ग्लुटेन-फ्री’ ज्वारी पीठ 500 ग्रॅम 95 रुपयांना आहे, म्हणजे किलोला 190. दुकानाच्या ब्रँडची अख्खी ज्वारी किलोला 60 आणि दळणाचे 10 धरले तर 70. महिन्याला पाच किलो लागत असतील तर फरक 600 रुपयांचा.

५. पाकीट कुणी भरलं ते बघा

दुकानाच्या ब्रँडचं नाव एकच असलं तरी माल वेगवेगळ्या ठिकाणी भरला जातो. ‘मार्केटेड बाय’च्या खाली ‘पॅक्ड बाय’ किंवा ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ आणि चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. गेल्या महिन्यात चाललेलं बेसन या महिन्यात दुसऱ्या कारखान्यातून आलेलं असू शकतं, म्हणून पाकीट दर वेळी वाचायचं. पाकिटावरच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. ‘हे ग्लुटेन-फ्री आहे का’ असं विचारलंत तर गोलमाल उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: ‘याच मशीनवर गहू, मैदा किंवा रवा दळला अथवा भरला जातो का? बॅचची ग्लुटेन तपासणी होते का?’ सोबत बॅच नंबर द्या.

ओट्सच्या बाबतीत मात्र काटकसर नको. शेतापासून गोदामापर्यंत ओट्समध्ये गहू-बार्ली मिसळत राहते, त्यामुळे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलेच घ्यावेत किंवा घेऊच नयेत. सुरुवातीच्या काळात तर डॉक्टरांना विचारूनच.

६. निवडा, धुवा, मग दळा

ज्वारीचं पाकीट फोडलं की एका वेळी वाटीभर दाणे स्टीलच्या ताटात एक थर होईल इतकेच पसरा. ज्वारीचा दाणा गोल, गव्हाचा लांबट आणि पोटावर चीर असलेला, त्यामुळे चटकन दिसतो. ढीग करून चाळलं तर निसटतो. निवडलेले दाणे दोन पाण्यांतून धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून ठेवा. ओल राहिली तर पीठ लवकर कडवट होतं. डाळींनाही हीच निवडण्याची शिस्त.

खरा घोटाळा गिरणीत होतो. आधीच्या दळणाचं पीठ जात्यात आणि पिशवीत उरलेलं असतं. काही गिरण्यांत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असते, पण हवेत उडणारा मैदा-कणकेचा थर तिथेही बसतो. ‘आधी किलोभर तांदूळ दळून टाकतो’ हा गिरणीवाल्याचा उपाय सीलियाकला पुरेसा नाही. घरी घरघंटी असेल तर ती गव्हापासून कायमची वेगळी ठेवा. नसेल तर मिक्सरच्या कोरड्या भांड्यात 150-200 ग्रॅम एका वेळी, भांडं तापू न देता थांबून थांबून दळा आणि बारीक चाळणीतून चाळा. हे भांडं आणि चाळणीही वेगळी हवी, कारण चाळणीच्या जाळीत अडकलेली कणीक धुऊन निघत नाही. एवढी खटपट जमणार नसेल तर पिठापुरतं तपासणी केलेलं ग्लुटेन-फ्री पाकीट घ्या. पैसे तिथे सत्कारणी लागतात.

बेसनाचा विचार वेगळा करा. बेसन ज्या कारखान्यात दळतात तिथे बऱ्याचदा गहूही असतो. डाळ आणून मिक्सरवर दळणं स्वस्त पडतं, पीठ थोडं भरड येतं इतकंच. पिठलं आणि भज्यांना ते चालतं.

परदेशात असाल तर

तिथे दुकानांचे ग्लुटेन-फ्री ब्रँड खरोखरच वेगळे असतात: अमेरिकेत आल्डीचा ‘लिव्हजीफ्री’, ब्रिटनमध्ये टेस्कोचा ‘फ्री फ्रॉम’. ब्रेड आणि पास्ता या ब्रँडचेच घ्या. 20 पीपीएमची (म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमची) मर्यादा दोन्हीकडे आहे. ब्रिटनमध्ये बार्ली आणि राय घटकांच्या यादीत ठळक छापावी लागते. अमेरिकेत ॲलर्जीच्या सक्तीच्या यादीत गहू आहे, बार्ली नाही, म्हणून ‘ग्लुटेन-फ्री’ न लिहिलेल्या पाकिटावर ‘माल्ट’ शब्द स्वतः शोधावा लागतो. आणि इंडियन स्टोअरमधून हिंग घेताना डबीची मागची बाजू तिथेही वाचायचीच.