कॅमेऱ्यासाठी घरात वेगळे नेटवर्क

नवा राउटर बसवल्यावर फोन आणि लॅपटॉप लगेच जोडले गेले. दारावरचा कॅमेरा आणि दोन स्मार्ट प्लग मात्र काही केल्या जोडले जाईनात. शोध घेतल्यावर कारण सापडले: राउटरची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए3 या वाय-फाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर ठेवलेली होती, तर या स्वस्त उपकरणांना वाय-फायचा फक्त 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा आणि डब्ल्यूपीए2 ही जुनी पद्धत चालते. त्यांच्यासाठी मुख्य नेटवर्कची सुरक्षा कमी करणे मला पटले नाही. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारे, डब्ल्यूपीए2 सुरक्षेचे वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू केले, तेथून घरातल्या इतर संगणकांपर्यंत पोहोचता येणार नाही असा पर्याय निवडला आणि तिन्ही उपकरणे त्यावर जोडली.

खरी काळजी कॅमेऱ्याची होती. राउटरमधील यूपीएनपीच्या, म्हणजे उपकरणांना राउटरमधून बाहेरची वाट आपोआप उघडू देणाऱ्या सोयीच्या, यादीत पाहिले तर त्याने 554 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे थेट चित्रण पाठवण्याची वाट, इंटरनेटसाठी परस्पर उघडली होती. यूपीएनपी बंद करून राउटर पुन्हा सुरू केल्यावर ती नोंद गेली. फोनवरचे चित्र मात्र दिसत राहिले, कारण कॅमेऱ्याचे अ‍ॅप घरातून बाहेर जाणाऱ्या जोडणीवर चालते. कॅमेऱ्याचा मूळचा पासवर्डही त्याच वेळी बदलला. 2016 साली मिराई या घातक प्रोग्रॅमने असेच कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती, त्यामुळे हे काम उद्यावर ढकलण्यासारखे नाहीच. प्रिंटर तेवढा मुख्य नेटवर्कवर ठेवला, अन्यथा लॅपटॉपला तो सापडला नसता.